कडी नसलेलं दार

होळी झाली आणि मठाच्या बागेतल्या जुन्या चिंचेवर आग्यामोहोळ येऊन बसलं. येणारे-जाणारे मोहोळ बघून खूश व्हायचे, मोबाईल वर धरून फोटो काढायचे. सुपाएवढं काळंभोर पोळं आणि त्याच्यावर हलणाऱ्या माशा, दिसायला ते देखणंच होतं. तानुबाई मात्र चिंचेकडे बघायचीच नाही, तिच्या सावलीकडे बघायची. त्या सावलीतून पाट अडवणाऱ्या लाकडी फळीपर्यंत वाट जात होती आणि त्या वाटेने पाण्याच्या दर पाळीला तिचा नवरा जायचा.

नवरा म्हणजे अमृत, गावाचा पाटकरी. पांझरेकाठी ज्यांचा जन्म गेला त्यांना फड समजावून सांगावा लागत नाही. बाकीच्यांसाठी दोन शब्द सांगते. नदीवर जुना दगडी बंधारा आहे, बंधाऱ्यातून पाट निघतो आणि पाटाचं पाणी एकामागून एक शेतांना मिळतं. ज्याचं शेत त्याने पाण्याला हात लावायचा नाही. पाणी द्यायचं ते पाटकऱ्याने. सधन असो, गरीब असो, भाऊ असो की सासरा, पाटकऱ्याच्या फावड्याला नातं माहीत नसतं. पाटकऱ्यावर देखरेखीला फडाचा हवालदार असतो. पोलिसातला नव्हे, गावाने नेमलेला. सगळी शेतं भिजली की शेपटाला उरतं ते पाणी मठाच्या बागेचं. ते घेतलं नाही तर नदीला जाऊन मिळतं.

हे उरलेलं पाणी मठाला फुकट मिळत नव्हतं, त्याला एक अट होती. पहिले महंत इथे आले तेव्हा काठावर नुसता मुरूम होता म्हणतात. त्यांनी गावाकडे पाणी मागितलं. गाव म्हणालं, पाणी आमचं सगळ्यांचं आहे, तर बागही सगळ्यांची राहू द्या. म्हणून बाग उघडी. कुणीही यावं, सावलीत बसावं, रांजणातलं पाणी प्यावं आणि जावं. जात विचारायची नाही, काम विचारायचं नाही. आणि ही अट पाळली जाते की नाही ते बघायचं काम पाटकऱ्याचं. शेवटच्या पाण्याच्या वेळी तो खांद्यावर फावडं घेऊन बागेच्या दारातून आत येतो. दाराला त्याचा हात लागता कामा नये. दार सताड उघडं असलं तर आत जाऊन तो फळी उचलतो. दार ढकलावं लागलं तर तिथूनच माघारी फिरतो, आणि त्या पाळीचं पाणी नदीला जातं.

असं एकदा झालंही होतं. चौथ्या महंतांच्या काळात तापाची साथ आली. गावात रोज कुणीतरी जात होतं. महंत घाबरले आणि त्यांनी दार लावून घेतलं. पाटकरी आला, लावलेलं दार बघून परत फिरला. त्या उन्हाळ्यात अर्धी बाग वाळली. पुढे महंतांनी स्वतः लोहार बोलावून दाराची कडी काढून टाकली आणि दारावर गावातलं एक घर नेमलं. तेच हे तानुबाईचं सासर.

तानुबाई पारोळ्याकडची. लग्न होऊन आली तेव्हा सासू मंदाबाईने तिला आधी स्वयंपाकघर दाखवलं नाही, बागेचं दार दाखवलं. दोन सागवानी फळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांच्या बुडाशी मुंग्यांनी वारूळ केलं होतं. सासूने सांगितलं, हे दार लावता येतं हे तू विसरून जा. नव्या सुनेला हसू आलं होतं. लावायचंच नाही तर राखण कसली? सासू म्हणाली, पोरी, उघडं दार राखणं अवघड असतं, बंद दार कुणीही राखेल.

त्या दिवसापासून तानुबाई दारात. पहाटे झाडलोट, रांजण भरणं, मग आल्यागेल्याला बाग दाखवणं. बाग दाखवायची तिची एक रीत होती. मठात गादीवर बसलेला प्रत्येक महंत एकच झाड लावतो, दुसरं नाही. ती झाडं ओळीने उभी आहेत, म्हणजे ओळीतून चाललं की मठाचा सगळा इतिहास पायाखालून जातो. तानुबाईला महंतांची नावं कधी नीट जमली नाहीत. ती झाडांवरूनच ओळखायची. चिंचवाले बाबा पहिले. कवठवाले बाबा फार तापट. बेलवाले बाबा गोड गळ्याचे. साथीत दार लावलं ते रामफळवाले, आणि त्यांना ती दर वेळी थोडं बोलून घ्यायची. आवळेवाले बाबा तिने स्वतः पाहिलेले. ते तिच्या लेकीला, दिपमालाला, मांडीवर घेऊन मोरावळा भरवायचे. ओळीच्या शेवटी आत्ताच्या योगराजबाबांचा चिकू. कमरेएवढा झालेला, नुकता कुठे जीव धरलेला. तिथे आलं की ती म्हणायची, झाला आमचा मठ, आता चहा घ्या.

पाणी देणारा नवरा आणि दार राखणारी बायको एकाच घरातले, म्हणून गावात थट्टा चालायची. हवालदार सुकलालनाना तर अमृतला विचारायचे, दार कधी लागलेलं दिसलं तर घरी जेवशील की उपाशी झोपशील? अमृत हसायचा नाही. तो मुळात कमी हसणारा माणूस. बायको दारात आहे म्हणून तो उलट जास्तच काटेकोर वागायचा. दारात कुणाची सायकल जरी आडवी लावलेली दिसली तरी उभा राहून ती बाजूला व्हायची वाट बघायचा. तानुबाईला त्याचा रागही यायचा आणि अभिमानही वाटायचा, बहुतेक वेळा दोन्ही एकदमच.

आणि आता हा माणूस त्या चिंचेखालून जाणार होता.

गोष्ट अशी होती की मागच्या वर्षी पाटावर काम करताना अमृतला मधमाशी चावली होती. एकच. खेड्यातल्या माणसाला माशी चावणं म्हणजे काय, चुना लावला की झालं. पण बघता बघता त्याचं तोंड सुजलं, ओठ जाड झाले, श्वास शिटीसारखा वाजायला लागला. तानुबाईने शेजारच्या गाडीत घालून त्याला धुळ्याला नेलं. रस्ताभर त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि ती त्याच्या छातीवर हात ठेवून बसली होती, हलते की नाही ते बघत. वाचला. डॉक्टरांनी निघताना तिलाच बाजूला घेऊन जवळ ठेवायचं औषध दिलं आणि सांगितलं, की माशीचं विष यांना चालत नाही. पुन्हा चावली तर दवाखान्यापर्यंत यायला वेळ मिळेलच असं नाही.

घरी आल्यावर अमृतने गावात सांगितलं, पित्त उठलं होतं. तानुबाईला त्याने बजावलं, की खरं कुणाला कळता कामा नये. माशीला भिणारा पाटकरी गाव कशाला ठेवील? त्याच्या बापाने, आज्याने मरेपर्यंत फावडं खांद्यावर वागवलं होतं. तानुबाईने मान डोलावली. तेव्हापासून ही गोष्ट चौघांतच राहिली: नवरा, बायको, बोदवडला दिलेली लेक दिपमाला आणि डॉक्टर. दिपमाला बापाला दादा म्हणायची. फोन करून ती रोज एकच विचारायची, दादा औषध जवळ ठेवतात ना? दादांचं औषध घरी डब्यात असायचं आणि दादा पाटावर.

बरं, मोहोळ काढून टाकावं तर तेही सोपं नव्हतं. मठात जीव मारायचा नाही, धूर करायचा नाही. योगराजबाबा वयाने लहान, स्वभावाने मऊ, पण या बाबतीत एक शब्द ऐकायचे नाहीत. मार्ग एकच होता, रुपसिंग. सातपुड्याच्या पायथ्याचा हा माणूस दर वर्षी यायचा आणि माशा न मारता पोळं उतरवायचा. कसं ते त्याचं त्यालाच ठाऊक. पण या वर्षी तो कुटुंब घेऊन गुजरातेत मजुरीला गेला होता. तानुबाई फोन लावायची, फोन कव्हरेजच्या बाहेर. धनीबाईला, त्याच्या आईला, निरोप गेला. तिने कळवलं, येईल. कधी येईल ते कळवलं नाही.

चैत्र असाच काढला. दर पाळीला अमृत दारातून आत शिरला की तानुबाई रांजणापाशी उभी राहायची आणि तो फळी उचलून परत येईपर्यंत हातातलं भांडं घासत राहायची. घासलेलंच भांडं पुन्हा घासायची. तो बाहेर पडला की भांडं खाली ठेवून ती ओट्यावर बसायची. त्याला सांगून झालं होतं. मोहोळ उतरेपर्यंत दुसऱ्याला पाठवा, घोंगडी घेऊन जा, निदान औषध तरी खिशात ठेवा. तो म्हणायचा, उन्हात घोंगडी घेऊन गेलो तर लोक विचारतील. लोक, लोक आणि लोक! या माणसाला जिवापेक्षा लोकांच्या विचारण्याची भीती जास्त, असं तानुबाई भांड्यांना सांगायची.

वैशाख लागला. ऊन असं की बारानंतर कुत्रंही रस्ता ओलांडेना. मठाची बोअर आटली, विहिरीत फक्त पिण्यापुरतं पाणी राहिलं. बंधाऱ्यातलं पाणी खाली गेलं आणि फडाच्या बैठकीत ठरलं, ही शेवटची पाळी. यानंतर नदी वाहू लागेपर्यंत पाट कोरडा. म्हणजे या पाळीचं पाणी मिळालं तर बाग उन्हाळा काढणार, नाहीतर मोठी झाडं कशीबशी तगतील आणि लहान जाणार. तानुबाईने चिकूभोवतीचं आळं स्वतः खोल केलं, कडेने पालापाचोळा पसरला. बाबा बघत होते. महंताच्या हयातीत त्याचं झाड जाणं हा फार मोठा अपशकुन मानतात, पण बाबा तसं काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, पाणी येईल ना आजी? ती म्हणाली, येईल.

शेवटच्या पाळीच्या दुपारी धुळ्याहून एक जोडपं आलं, लग्नाआधीचे फोटो काढायला. सोबत कॅमेरावाला, त्याचा मदतनीस आणि कपड्यांच्या दोन बॅगा. हल्ली असे बरेच येतात. मुलगी लाल झग्यात घामाघूम, मुलगा कोटात तिच्याहून घामाघूम, आणि कॅमेरावाला दोघांना सांगतोय, हसा. तानुबाईने त्यांना पाणी पाजलं, चिंचेखाली जाऊ नका म्हणून तीनदा बजावलं आणि वर मोहोळही दाखवलं. ती माणसं चांगली होती, चिंचेखाली गेली नाहीत. वाऱ्याच्या बाजूला, आवळ्यापाशी उभी राहिली आणि तिथे त्या मदतनिसाने खिशातून एक नळी काढून पेटवली. तिच्यातून गुलाबी धूर निघाला. ही नळी कसली ते तानुबाईला कळेपर्यंत वाऱ्याने धूर उचलून चिंचेत नेला होता.

मोहोळ उठलं. आधी नुसता घूं असा आवाज आला, मग पोळं काळ्याचं पांढरं दिसायला लागलं आणि माशा खाली आल्या. तानुबाई ओरडली, मठात पळा! मुलगी झग्यात अडखळली, तिला ओढतच ओवरीत नेलं. मागून बाबांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या. चार-सहा डंख प्रत्येकाला बसले, पण सगळे आत आले. त्या मदतनिसाला मात्र जरा जास्त बसले, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं फार वाईट वाटलं नाही.

ओवरीत तानुबाई दम घेत होती, तेवढ्यात तिच्या लक्षात आलं. ऊन कललं होतं. शेवटचं शेत भिजायला आलं असणार. अमृत निघाला असणार.

तिने फोन लावला. फोन वाजला तो घरात, चार्जिंगला लावलेला. इथे ओवरीपर्यंत ऐकू येत होता. निरोप पाठवावा तर ओवरीतून बाहेर कोण पडणार? आणि निरोप मिळाला तरी काय होणार होतं? मोहोळ उठलंय म्हटल्यावर तो म्हणेल, मग लवकर जाऊन फळी उचलतो. शेवटची पाळी. मागून हवालदार येणार, फडातले दोघं-तिघं येणार. सगळ्यांसमोर तो थांबेल? तो थांबणार नाही हे तिला स्पष्ट दिसत होतं. बायकोचं त्याने ऐकलं नव्हतं, लेकीचं ऐकलं नव्हतं, डॉक्टरांचं ऐकलं नव्हतं. या माणसाने आयुष्यात एकाच गोष्टीचं ऐकलं होतं.

तानुबाईने ओवरीतली गोधडी डोक्यावरून घेतली आणि बाबांना काही न सांगता बाहेर पडली.

दाराच्या फळ्या जागच्या हलेनात. बिजागऱ्या गंजलेल्या, बुडाशी वारूळ. तिने खांदा लावला, पायाने माती उकरली, मुंग्या पायावर चढल्या, मनगटावर दोन माशा चावल्या. तिला त्याचं काही वाटलं नाही. सासू डोळ्यांपुढे आली. तिला ती मनात म्हणाली, तुम्ही रागवा, पण आत्ता नको. एक फळी करकरत आली, मग दुसरी. कडी तर नव्हतीच. तानुबाई बाहेरच्या बाजूने फळ्यांना पाठ लावून उंबऱ्यावर खाली बसली आणि गोधडी पायावर ओढून घेतली. चौथ्या महंतांनंतर बागेचं दार पहिल्यांदा लागलं ते असं.

अमृत पाटाच्या बांधावरून आला. खांद्यावर फावडं, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. मागे सुकलालनाना आणि फडातले दोन शेतकरी. दार बघून अमृत थबकला. त्याला आधी खरंच वाटेना. दार लावलं की कसं दिसतं हे त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

"दार उघाड," तो म्हणाला.

"नही उघाडस."

"लोके देखी राह्यनात."

"देखू द्या. आज तुम्ही बागना मझार जावानं नही."

आत चिंचेभोवतीचा आवाज बाहेर ऐकू येत होता. अमृतने तो ऐकला, वर पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण पाठ दारावरून हलत नव्हती. त्याला सगळं कळलं. कळलं म्हणूनच जास्त राग आला. तो एक पाऊल पुढे आला. याने हात लावला तर, दार ढकललं तर? हलक्या हाताने ढकललं असतं तरी ती दारासकट मागे गेली असती. पण हात लावायचा नाही हा नेम होता, आणि नेम मोडायचा म्हणजे अमृतने अमृत राहायचं नाही. तो तसाच उभा राहिला. मग फावडं दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि माघारी फिरला.

सुकलालनानांना काही उलगडेना. ते म्हणाले, "तानुबाई, माशीसले घाबरीसन दार लायं?"

ती म्हणाली, "हा. मी घाबरी गऊ."

यात खोटं काही नव्हतं. संध्याकाळपर्यंत पाटाच्या शेपटाचं पाणी मठाच्या भिंतीमागून खळखळत नदीत पडत राहिलं. ते ऐकताना तानुबाईने कानांवर हात ठेवले होते.

पुढचे दिवस वाईट गेले. अमृत घरात बोलेना. जेवण वाढलं की जेवायचा, ताट सरकवायचा, उठायचा. गावात दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणालं बाई म्हातारी झाली, कुणी म्हणालं घरचा पाटकरी आहे म्हणून माज आला. बैठकीत नानांनी तिला पुन्हा विचारलं. फक्त माशांसाठी? घोंगडी पांघरून अमृत आत गेला असता, पाच मिनिटांचं काम होतं. तिने पुन्हा तेच सांगितलं, मी घाबरले. बाजूला अमृत बसला होता, मान खाली घालून नखाने मातीत रेघा ओढत. तो एक शब्द बोलला असता तर तिचं सगळं ओझं उतरलं असतं. तो बोलला नाही. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही, कारण पाहिलं असतं तर लोकांना कळलं असतं. दार दुसऱ्या घराकडे द्यावं असं ठरत आलं होतं. योगराजबाबांनी पाऊसकाळ होईपर्यंत थांबा म्हणून विनवलं, म्हणून निर्णय तेवढा लांबला. तानुबाईच्या डोक्यावर तो तसाच टांगता राहिला.

चार दिवसांनी रुपसिंग आला. पोळं उतरवलं, एकही माशी न मारता. तानुबाईने त्याला जेवायला वाढलं आणि मग मोरीत जाऊन ती रडली. चार दिवस आधी आला असता तर!

चिकूने हळूहळू मान टाकली. पानं आधी कडेने करपली, मग गळली. तानुबाई विहिरीतून कळशी काढून आळ्यात ओतायला निघाली तर बाबांनी अडवलं. विहिरीत होतं ते पिण्याचं पाणी, येणाऱ्यांच्या रांजणाचं. माझ्या झाडासाठी वाटसरूच्या तोंडचं काढायचं नाही, ते म्हणाले. ती हात जोडून म्हणाली, बाबा, अपशकुन होईल. ते म्हणाले, आजी, तुम्ही दार लावलंत त्याला कारण असणार. ते मी विचारत नाही. तुम्हीही झाडाचं मला विचारू नका. ते मऊ बोलणं तिला नानांच्या फटकाऱ्यापेक्षा जास्त लागलं. ज्येष्ठात चिकूचं नुसतं खोड उरलं. तेही बाबांनी एके सकाळी उपटून बांधावर ठेवलं. दुसरं झाड लावता येत नाही. एका महंताला एकच झाड. ओळीच्या शेवटी एक खड्डा राहिला.

पुढे नदी वाहू लागली, पाट भरला, बाग पुन्हा हिरवी झाली आणि माणसं यायला लागली. तानुबाई पहिल्यासारखीच त्यांना ओळीतून न्यायची. आता रामफळवाल्या बाबांपाशी आली की त्यांना नावं ठेवायची नाही, नुसती पुढे व्हायची. खड्ड्यापाशी कुणी विचारलं की म्हणायची, उन्हाने गेलं. आणि घाईने चहाचं बोलायची.

दिवाळीनंतर एका सकाळी जामनेरच्या कन्याशाळेतल्या बाई आणि मुली आल्या. दार कुणाच्या घरी जाणार ते त्याच आठवड्यात ठरायचं होतं. त्या दिवशी पाळी होती म्हणून अमृत फळी उचलून बांधावर टेकला होता, शेजारी सुकलालनाना चहाची बशी घेऊन. मुली वह्या न उघडता ऐकत होत्या म्हणून तानुबाईला त्या आवडल्या होत्या. चिंच झाली, कवठ झालं, बेल, रामफळ, आवळा. मग खड्डा. उषा नावाची एक चुणचुणीत मुलगी वाकून बघत म्हणाली, "आजी, बाकी सगळी झाडं उन्हात टिकली. मग हेच कसं गेलं? याला पाणी दिलं नव्हतं का?"

तानुबाईने तोंड उघडलं. उन्हाने, एवढंच म्हणायचं होतं. रोजचंच होतं. पण त्याऐवजी ती खड्ड्याच्या कडेला खाली बसली.

बांधावरून अमृत म्हणाला, "त्या झाडनं पानी मीच पिधं, बेटा."

मुली हसल्या. आजोबा थट्टा करताहेत असं त्यांना वाटलं, आणि बाईंनीही हसून मान हलवली. नाना हसले नाहीत. त्यांनी बशी खाली ठेवली.

अमृत नानांकडे वळला. फावडं त्याने मांडीवर आडवं धरलं होतं आणि बोटं दांड्यावरून फिरत होती. "नाना, माले माशी चालत नही. मांगला साल ते पित्त नव्हतं. डॉक्टरनी सांगेल व्हतं, आते चावनी ते मरशी. माले जित्तं ठेवाकरता इनी दार लायं, आनि मी बैठकमा मुका बसनू." त्याने फावडं उचलून नानांच्या समोर जमिनीवर ठेवलं. "आते तुम्हले काय ठरावनं ते ठरावा. दार मात्र इनाच घर ऱ्हावू द्या."

नाना म्हणाले, फावडं उचल, जमिनीवर ठेवत नसतात ते. आणि पुढच्या वर्षी चिंचेवर मोहोळ असेल तेव्हा फळी फडाचा राखणदार जागल्या उचलेल आणि दार आहे त्याच घरी राहील, हे मी आज गावाला सांगतो. एवढं बोलून त्यांनी बशीतला गार झालेला चहा एका घोटात संपवला.

मुलींना यातलं निम्मंच कळलं. उषाने तानुबाईचा पदर धरून विचारलं, हे आजोबा कोण? तानुबाई खड्ड्याच्या कडेला बसली होती आणि उघड उघड रडत होती, पदर तोंडाला न लावता. तिने हाताने ओळ दाखवली, चिंचेपासून आवळ्यापर्यंत, मग खड्डा दाखवला आणि मग बांधावर बसलेला नवरा.

"ते शेवटलं झाड शे," ती म्हणाली. मग डोळे पुसून ती उठली आणि सगळ्यांना चहाला घेऊन गेली.